वाळवंटातला चिखल: तुम्ही परत फिरला असतात का?

घाटावरची
५ ऑक्टोबर, रात्री १०:१२

मागच्या शनिवारी आम्ही चौघं कॅपिटॉल रीफच्या मागच्या अंगाला अडकलो. रात्र गाडीत काढली, दुसऱ्या दिवशी दुपारी आपापल्या चाकांवर बाहेर आलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून घरात एकच वाद चालू आहे, म्हटलं इथल्या जाणत्यांपुढे ठेवावा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दक्षिण युटामधल्या या नॅशनल पार्कच्या उत्तरेला कॅथीड्रल व्हॅली नावाचा भाग आहे. ५८ मैलांचा कच्च्या रस्त्याचा फेरा. पाणी नाही, पेट्रोल नाही, फोनला रेंज नाही. हायवे २४ सोडला की पहिल्या झटक्यालाच फ्रीमॉन्ट नदी ओलांडायची, पूल वगैरे काही नाही. नदीकडून आत शिरून केनव्हिलच्या बाजूने बाहेर पडायचा प्रघात आहे, कारण नदी पार होणार नसेल तर ते सुरुवातीलाच कळलेलं बरं.

सकाळी नऊला पाणी पोटरीच्या खाली होतं. आरामात पार झालो. पुढे बेंटोनाइटच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या चिकणमातीच्या, टेकड्या लागतात, राखाडी, जांभळट, विटकरी पट्ट्यांच्या, उन्हात गोधड्या पसरून ठेवाव्यात तशा. गुळगुळीत रस्ता, मागे धूळ. पावसाचा अंदाज ३० टक्के. मी म्हटलं, ७० टक्के तर आपल्या बाजूने आहेत.

जेवेपर्यंत पश्चिमेला ढग काळे झाले होते. जिप्सम सिंकहोल नावाच्या खचलेल्या खड्ड्यापाशी पहिले थेंब. टेंपल ऑफ द सनला पोचलो तेव्हा धो धो. आणि खोटं कशाला बोलू, इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. सपाट माळावर एकटाच उभा तो चारशे फुटांचा तांबडा सुळका, पावसाने गडद झालेला, मागच्या कड्यांवरून मातकट पाण्याच्या धारा सुटलेल्या. अर्धा तास नुसते बघत बसलो. तो अर्धा तास नडला.

तिथून हायवे साधारण १७ मैल. पहिले काही मैल वाळू आणि खडी, काही त्रास नाही. मग राखाडी चढ आला आणि गाडी तोंड सरळ ठेवून आडवी चालायला लागली, खेकड्यासारखी. स्टिअरिंग फिरवलं काय, नाही फिरवलं काय, सारखंच. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता, त्यामुळे गाडी ज्या बाजूला चर होता तिकडेच निघाली. चाकांना चिखलाचे एवढे थर चढले की मडगार्डच्या आत फिरायला जागा उरली नाही. शेवटी उजवी दोन चाकं चरात, काम तमाम. वाजले होते साडेचार.

आता वाद. माझं म्हणणं: ढग दिसले तेव्हाच उलट फिरून नदी पार करायला हवी होती. नवरा म्हणतो, त्या चढावर मी घाबरून पाय काढला नसता तर गाडी निघाली असती, आठच मैल राहिले होते. गाडी मी चालवत होते हे वेगळं सांगायला नको.

गाडी जुनी टोयोटा फोररनर (फोर-व्हील-ड्राइव्ह), ऑल-टेरेन टायर, टायरमधली हवा कमी करून २० पीएसआयवर आणलेली. एकच गाडी घेऊन गेलो ही चूक आधीच कबूल करते, त्यावर कृपया दहा प्रतिसाद नकोत.

तुम्ही काय केलं असतंत? उलट फिरला असतात की दामटत पुढे गेला असतात?


चकली_कडबोळी
रात्री १०:२०

बापरे! फोटो कुठायत?


सह्याद्रीचा_वाघ
रात्री १०:३१

एकच गाडी घेऊन जायला नको होतं.


घाटावरची
रात्री १०:३३

आला पहिला.


दगडधोंडे
रात्री ११:०५

मी डेन्व्हरला असतो, गेली बारा वर्षं युटातल्या मोआब आणि सॅन राफाएल स्वेलमध्ये गाड्या आपटतोय. तुमच्या नवऱ्याची बाजू घेतो, हलके घ्या.

बेंटोनाइट वरून ओला होतो, आत सुरुवातीला कोरडाच असतो. पहिल्या पाच-दहा मिनिटांत वरचा अर्धा इंच फक्त साबण झालेला असतो. तेव्हा फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाचा), दुसरा किंवा तिसरा गिअर, ट्रॅक्शन कंट्रोल बंद आणि पायाचा दाब एकसारखा. चाक थोडं फिरू द्यायचं म्हणजे टायरमधला चिखल उडून जातो आणि खाच मोकळी होते. थांबलात की संपलं. फोर-लोमध्ये (चारही चाकांना जास्त जोर, कमी वेग) टाकून मुंगीच्या पावलाने जाणं दगडांवर ठीक, चिखलात ते घात करतं. आणि ऑल-टेरेन टायर म्हणजे या मातीत गुळगुळीत लाटणं. खाचा एकदा भरल्या की खेळ खलास.

हवा २० वर आणली ते वाळूसाठी उत्तम. या चिखलात त्याचा फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो टायरवर गुंडाळायच्या चेनचा. होय, बर्फाच्याच. चारही चाकांना. लोक हसतात, पण मी ऑगस्टमध्ये चेन लावून बाहेर आलोय.


अस्सल_नव्हे_सदाशिव
रात्री ११:१८

आमच्याकडे ताम्हिणीत जुलै महिन्यात लोक साध्या ऑल्टो घेऊन जातात. चार थेंब पडले तर एवढं लेखन? (दिवे घ्या.)


दगडधोंडे
रात्री ११:२४

ताम्हिणीत डांबर आहे हो. आणि खाली कातळ आहे. लाल माती आणि ही माती यांत तेवढाच फरक आहे जेवढा रव्यात आणि मैद्यात.


पोटनिवडणूक
रात्री ११:४०

मैदा भिजवून बरोबर तासभर झाकून ठेवा, मग पुऱ्या चांगल्या होतात.


मोंढा_परभणी
६ ऑक्टोबर, सकाळी ७:५५

धागाकर्तीताई, तुम्ही अमेरिकेत जाऊन आमच्या रानात फसलात.

थट्टा नाही. बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज, आणि आमच्या मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतली चिकणमातीसुद्धा प्रामुख्याने तीच. दोन्हीकडे बाप ज्वालामुखीच. तुमच्या त्या टेकड्या साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी पडलेल्या राखेच्या, आमची जमीन साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड झिजून झालेली. या मातीचे कण पापडासारखे एकावर एक रचलेले असतात, पाणी त्या थरांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. म्हणूनच ओली असताना ती धड पाणी खाली जाऊ देत नाही, धड चाक वर येऊ देत नाही. आणि वाळली की हात जाईल अशा भेगा.

लहानपणी पावसात शाळेतून येताना चपला हातात. पायाला एवढा गोळा लागायचा की उंची चार बोटं वाढायची. बैलगाडी फसली की वडील खाली उतरून खुरप्याने चाकाचा चिखल काढायचे, आरे मोकळे करायचे, मग दहा पावलं, मग पुन्हा खुरपं. दामटून बैल कुणी मारत नव्हतं, कारण जेवढं चाक फिरेल तेवढं ते खोल जातं.

तेव्हा माझं उत्तर तुमच्या दोन्ही पर्यायांत नाही. वापसा आल्याशिवाय रानात गाडी घालायची नसते.


चकली_कडबोळी
सकाळी ८:१०

वापसा म्हणजे? मी मुंबईची आहे, ओरडू नका.


मोंढा_परभणी
सकाळी ८:२२

ओरडत नाही. पाऊस पडून गेल्यावर जमीन इतकीच ओली राहते की नांगर, कुळव चालावा आणि चिखल लागू नये, ती वेळ म्हणजे वापसा. मूठभर माती घेऊन दाबायची, लाडू झाला पाहिजे. तो लाडू खाली टाकायचा, फुटला तर वापसा आला. नुसताच चपटा झाला तर घरी जाऊन चहा प्यायचा.


गुळपोळी_इन_फीनिक्स
सकाळी ९:०२

मोंढा, प्रतिसाद अतिशय आवडला. म्हणजे मुलतानी माती त्यांचीच चुलत बहीण ना? ताईंच्या गाडीला चारही चाकांना फेसपॅक!

गंमत बाजूला. मला चिखलापेक्षा "उलट फिरून नदी पार करायला हवी होती" या वाक्याची भीती वाटली. पश्चिमेला दुपारी ढग काळे झाले, म्हणजे वरच्या पाणलोटात तुमच्या आधी पाऊस सुरू झालेला असू शकतो. तुम्ही नदीवर परत गेला असतात तेव्हा तिथे पोटरीइतकंच पाणी असतं कशावरून?

१२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनात लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. घळीपाशी म्हणावा असा पाऊस नव्हता, तो पडला होता काही मैल वर. कातळ आणि भाजलेली चिकणमाती पाणी पीत नाहीत, सगळं उतारावरून घळीत येतं, आणि येतं ते भिंतीसारखं, ओंडके-धोंडे घेऊन.

आकडे पाठ करून ठेवा: वाहतं पाणी सहा इंच असलं तर उभा माणूस पडू शकतो. एक फुटात लहान गाडी वाहते. दोन फुटांत बहुतेक सगळ्या गाड्या, तुमची फोररनरसुद्धा. आमच्या राज्यात तर याचा १९९५ पासून कायदाच आहे: पुराच्या पाण्यासमोर लावलेला अडथळा ओलांडून गेलात आणि सोडवावं लागलं, तर खर्च तुमच्याकडून, दोन हजार डॉलरपर्यंत. त्या कायद्याला इथले सगळे लोक 'मूर्ख वाहनचालक कायदा' म्हणतात, पेपरवालेसुद्धा.


घाटावरची
सकाळी ९:४०

गुळपोळी, हे वाचून पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी बाहेर पडल्यावर आम्ही मुद्दाम नदीच्या ठिकाणी जाऊन पाहिलं. पाणी कोकोच्या रंगाचं आणि काठावरच्या झुडपांत गुडघ्याच्या वर कचरा अडकलेला. म्हणजे रात्री कधीतरी तेवढं वर आलेलं. माझा पर्याय बाद, मान्य.

चकली, फोटो चढवतेय, चढत नाहीयेत.


दगडधोंडे
सकाळी १०:१५

म्हणजे नवरा जिंकला की नाही?


वाळूचा_किल्ला
सकाळी १०:५०

दुबईहून लिहितोय. आमच्याकडे उलटं आहे, म्हणून भर घालतो. पाऊस पडला की वाळूच्या टेकड्यांवर गाडी चालवणं सोपं होतं. ओली वाळू घट्ट बसते, चाक रुतत नाही, एरवी १५ पीएसआयवर धापा टाकणाऱ्या गाड्या मस्त चढून जातात. पाऊस पडून गेल्यावरच्या सुट्टीला अर्धी दुबई वाळवंटात असते. त्यांतले निम्मे मराठी लोक डबे घेऊन.

पण सबखा. हा शब्द लक्षात ठेवा. किनाऱ्याजवळची, किंवा टेकड्यांच्या मधली खारट सपाट जमीन. वरून पांढरी, कडक, क्रिकेटचं पिच असावं तशी. खाली मिठाचा रेंदा. कोरड्या दिवसांत आधीच्या चाकांची वाट धरून गेलात तर निघता. पावसानंतर वरचा पापड मऊ होतो आणि गाडी अॅक्सलपर्यंत आत. एका मित्राची गाडी काढायला तीन गाड्या गेल्या, त्यांतल्या दोन फसल्या. कच्छच्या रणात ज्यांनी हे केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि शेजारी ओमानमध्ये वाहत्या वादीत (एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यात) गाडी घालणं हा सरळ गुन्हा आहे. 'मी बघतो किती खोल आहे' म्हणणाऱ्यांसाठी.


सह्याद्रीचा_वाघ
सकाळी ११:०७

तीन गाड्या नेऊनही फसतात म्हणजे एकच नेलेली बरी.


घाटावरची
सकाळी ११:०९

:)


कॅक्टसचं_फूल
सकाळी ११:४५

मी जरा वेगळा सूर लावते, रागावू नका. गाडी निघाली असती की नाही, यावर सगळे बोलताहेत. रस्त्याचं काय?

ओल्या चिकणमातीत दामटलेली गाडी फूटभर खोल चाकोरी पाडते. ऊन पडलं की ती सिमेंटसारखी कडक होते आणि पुढचा ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) फिरेपर्यंत महिनोन्महिने तशीच राहते. तुमच्या मागून येणारा छोट्या गाडीचा माणूस त्यात पोट घासत जातो. आणि चिखल चुकवायला लोक रस्त्याच्या बाजूने गाडी काढतात ते तर त्याहून वाईट. बाजूची ती काळपट, खडबडीत, जळल्यासारखी दिसणारी माती जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळ यांनी विणलेला पापुद्रा. तोच वाळवंटाची माती धरून ठेवतो. एका चाकाखाली मोडला तर पुन्हा जमायला कित्येक दशकं लागतात.

आयुष्यभर 'चाकोरीबाहेर पडा' ऐकत आले. इथे राहायला आल्यावर कळलं की चाकोरीतच राहावं.


मोंढा_परभणी
दुपारी १२:०१

चाकोरी शब्द मुळात बैलगाडीच्या चाकाचाच आहे ताई. तुम्ही तो घरी परत आणलात.


दगडधोंडे
दुपारी १२:३०

कॅक्टसताई, मुद्दा रास्त आहे, आणि मला तो टोचलाय. चाकोऱ्या मीही पाडल्यात. पण मोंढाभाऊंचा 'थांबा' हा सल्ला शेतात ठीक. शेतकऱ्याचं घर अर्ध्या मैलावर असतं. इथे कधीकधी ढगाखालून बाहेर पडण्यासाठी दहाच मिनिटं असतात, आणि थांबलात तर तीन दिवस थांबावं लागेल. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये नेवाडात ब्लॅक रॉक डेझर्टमध्ये बर्निंग मॅन महोत्सवाला आलेले ७० हजारांवर लोक पावसाने अडकले. पाणी, टॉयलेट, सगळ्याची मारामार. थांबणं नेहमी फुकट नसतं.


मोंढा_परभणी
दुपारी १२:४४

त्या ७० हजारांतले जे गाडी घेऊन निघाले त्यांचं काय झालं? तिथेच फसले आणि बाकीच्यांची वाट अडवून बसले. तिथे संयोजकांनीसुद्धा जमीन वाळेपर्यंत गाड्या हलवू नका म्हणूनच सांगितलं होतं. वापसाच तो, इंग्रजीत.


दगडधोंडे
दुपारी १२:४६

भाऊ, तुम्ही वकील आहात का?


मोंढा_परभणी
दुपारी १२:४७

बियाण्याचं दुकान आहे.


बेकरीवाला_खारी
दुपारी १:३०

भाड्याच्या गाडीचा अनुभव लिहितो, कुणाला उपयोग होईल. वेगासहून मोठी फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली, जाहिरातीत डोंगरावर उभी होती. करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं, पक्का रस्ता सोडला की विमा लागू नाही. कॉटनवुड कॅन्यन रोडवर गेलो, ४६ मैल कच्चा, हायवे ८९ वरून निघून १२ ला मिळतो. आदल्या दिवशी पाऊस झालेला, आभाळ निरभ्र, त्यामुळे आम्ही बिनधास्त. पहिल्या सहा मैलांतच बसलो. टो ट्रकवाला म्हणाला, वाळेपर्यंत मीसुद्धा येणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. बिल दीड हजार डॉलर, वर गाडी धुण्याचे वेगळे. कंपनीचं नाव लिहीत नाही, चूक माझीच होती. बायकोने मात्र त्यानंतर दोन दिवस नाव घेतलं नाही, माझं.

सांगायचा मुद्दा: निरभ्र आभाळावर जाऊ नका. व्हिजिटर सेंटरला विचारा, काल काय पडलं ते.


जुना_फिल्टर
दुपारी २:१५

गॅरेजवाल्याच्या नात्याने दोन गोष्टी.

एक, फसलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढताना दोर बंपरखालच्या टोइंग बॉलला कधीही लावू नका. तो ट्रेलर ओढायला असतो, झटका सोसायला नाही. तुटला की तोफगोळा होतो, माणसं मेली आहेत त्याने. चासीला पक्का असलेला हुक शोधा. विंचची (गाडी ओढायच्या चरखीची) तार ताणली असेल तर तिच्यावर जाड जॅकेट नाहीतर पोतं टाका आणि बाकीच्यांना लांब उभं करा.

दोन, चिखल लगेच धुवा. ही माती रिम्सच्या आत वाळली की चाकाचा तोल जातो, हायवेला ६० च्या वर गाडी थरथरते आणि लोक अलाइनमेंटला पैसे घालवतात. रेडिएटरच्या जाळीत, ब्रेकच्या आत, अल्टरनेटरपाशी, सगळीकडे बघा.


घाटावरची
दुपारी ३:०२

जुना_फिल्टर, दंडवत. घरी येताना आय-७० हायवेवर गाडी अशी थरथरत होती की मला वाटलं अॅक्सल गेला. रिममधून चार-चार किलोचे ढेकूळ निघाले. अजून ड्राइव्हवेवर पडलेत.

चरातून निघालो ते मात्र कुणी ओढल्याशिवाय. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास वरचा थर करपल्यासारखा दिसायला लागला, त्याला बारीक भेगा. मग चाकं खरवडली, प्लॅस्टिकच्या रिकव्हरी पट्ट्या खाली घातल्या, चराचा काठ फावड्याने उतरता केला. एका दमात वर.


चकली_कडबोळी
दुपारी ३:१०

चाकं कशाने खरवडलीत? खुरपं होतं?


घाटावरची
दुपारी ३:१५

उलथन्याने. स्वयंपाकाच्या. वाकलं ते.


कॅक्टसचं_फूल
दुपारी ३:२०

आणि रात्री खाल्लंत काय? खरे प्रश्न कुणी विचारतच नाही.


घाटावरची
दुपारी ३:३१

दशम्या होत्या, दुधात भिजवलेल्या, शेंगदाण्याची चटणी, आणि कॅम्पिंगच्या शेगडीवर पिठलं. पाणी चौघांना २८ लिटर नेलं होतं, ती एक गोष्ट शहाणपणाने केली. फोनवरून उपग्रहाचा मेसेज बहिणीला गेला: अडकलोय, ठीक आहोत, मदत नको. पाऊस आठला थांबला. त्यानंतर आभाळ उघडलं आणि काय सांगू. तारे नव्हते, तांदूळ सांडले होते.


गुळपोळी_इन_फीनिक्स
दुपारी ३:४५

अवांतर: वास! आमच्या सोनोरन वाळवंटात क्रिओसोट नावाचं झुडूप असतं, पाऊस यायच्या आधी नुसत्या दमट हवेनेही त्याच्या पानांचा वास सुटतो. पहिल्यांदा आल्यावर मला वाटलं कुठे डांबर पडतंय. आता तो आला नाही तर पाऊस आल्यासारखं वाटत नाही. आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री जमिनीतून बेडूक येतात, स्पेडफूट टोड. वर्षातले बहुतेक महिने मातीत गाडून घेतलेले. डबकं आटायच्या आत पिलांना मोठं व्हायचं असतं, त्यामुळे सगळी घाई दोन-तीन आठवड्यांत उरकतात.


पोटनिवडणूक
दुपारी ३:५२

त्या बेडकांना वापसा कळतो बघा.


अस्सल_नव्हे_सदाशिव
दुपारी ४:०५

धागा सुंदर चालू आहे म्हणून एक काडी टाकतो. धागाकर्तीने पहिल्या पोस्टमध्ये 'आम्ही चौघं' लिहिलंय. ती, नवरा, धरून चालू एक मूल. चौथा कोण? आणि स्वयंपाकाच्या उलथन्याने चाक खरवडायची बुद्धी आयटीतल्या माणसाला होत नाही. ज्याने बैलगाडी पाहिली आहे त्यालाच होते.


चकली_कडबोळी
दुपारी ४:०८

शेरलॉक!! ताई, उत्तर द्या.


दगडधोंडे
दुपारी ४:३०

ताई ऑनलाइन दिसताहेत, लिहीत मात्र नाहीत.


घाटावरची
संध्याकाळी ६:५०

बरं. पकडलंत.

चौथे माझे सासरे. शेवगावकडचे, वय ७१, काळ्या रानात जन्म गेलेला. सहा महिन्यांसाठी आलेत. सकाळी बेंटोनाइटच्या टेकड्यांपाशी आम्ही फोटो काढत होतो तेव्हा ते खाली बसले, मूठभर माती उचलली, बाटलीतलं थोडं पाणी टाकून अंगठ्याने मळली आणि म्हणाले, "सूनबाई, हे आपलंच रान हाय. वरून पाणी आलं तर इथं चाक चालायचं नाही." आम्ही हसलो. नवऱ्याने त्यांना फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणजे काय ते पाच मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

दुपारी टेंपल ऑफ द सनपाशी पाऊस सुरू झाल्यावर ते एकच बोलले: "इथं खाली वाळू हाय. गाडी इथंच राहू दे." जागा खरंच चांगली होती, उंचवट्यावर, ओढ्यापासून लांब. आम्ही निघालो. पुढे चरात गेल्यावर 'सांगत नव्हतो का' हे त्यांनी एकदाही म्हटलं नाही. तेच जास्त लागलं. पहाटे उठून उलथनं मागितलं तेवढंच.

पहिल्या पोस्टमध्ये हे गाळलं, कारण मग धाग्यात वाद उरलाच नसता. उलट फिरायचं की पुढे जायचं यावर आम्ही नवराबायको आठवडाभर भांडतोय, आणि तिसरं उत्तर मागच्या सीटवर दशमी खात बसलेलं होतं. मोंढा, तुमचा प्रतिसाद आज सकाळी मी त्यांना वाचून दाखवला. 'परभणीत कुठं?' एवढंच विचारलं.


मोंढा_परभणी
संध्याकाळी ७:०५

त्यांना रामराम सांगा. मोंढ्यात, जुन्या आडत बाजाराच्या अंगाला. आले तर चहा माझ्याकडे.


दगडधोंडे
संध्याकाळी ७:२०

हरलो. म्हणजे चेन लावून बाहेर येता येतं यावर मी ठाम आहे. पण वाळूच्या उंचवट्यावर उभी गाडी, २८ लिटर पाणी आणि पिठलं असताना तुमच्या जागी मीही हलायला नको होतं. आणि हे लिहिताना मला माझ्या तीन फसगती आठवल्या, तिन्ही वेळा आधी एक बरी जागा मागे सोडून आलो होतो.


सह्याद्रीचा_वाघ
संध्याकाळी ७:४१

सासरे असतील तर एक गाडी चालेल.


वाळूचा_किल्ला
रात्री ८:१५

नवऱ्याची प्रतिक्रिया काय?


घाटावरची
रात्री ८:३०

म्हणतोय, 'बाबा चालवत असते तर एव्हाना बाहेर असतो.' काहीही. बाबांना लायसन्स नाही.


चकली_कडबोळी
१३ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

धागा वर काढतेय. फोटो?


घाटावरची
१३ ऑक्टोबर, रात्री ९:००

एकच चढला, तोही उलथन्याचा.

बाकी खबर: ड्राइव्हवेवरचे ढेकूळ सासऱ्यांनी फोडून कुंडीत भरले आणि त्यात मेथी टाकली. परत जायच्या आत एकदा भाजी करून दाखवतो म्हणाले.


मोंढा_परभणी
रात्री ९:१२

शेणखत घातलं का? नुसती चिकणमाती बियाणं गिळते. आली का मेथी?


घाटावरची
रात्री ९:१५

सात दिवस झाले. मेथी नाही, भेगा आल्या.